तीन का आठ

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आण्णांच्या शेडमध्ये सीएनसी मशीन आलं, त्या दिवशी हलगी वाजली होती. आज सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. चौऱ्याण्णव साल होतं ते. बंगळूरहून ट्रकवर बसून आलेली, आपल्या आपण चालणारी आणि काचेवर हिरवी अक्षरं उमटवणारी लेथ त्या सगळ्या गल्लीत दुसरी नव्हती. आजूबाजूच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली आणि कुणी सांगितलं नसताना चपला दारात काढून आत आली. आण्णांच्या बायकोनं मशीनला ओवाळलं. हळदीकुंकू लावायला ती काचेकडं वळली, तसा बंगळूरचा इंजिनियर "नो, नो!" करत आडवा आला. मग कुंकू बाजूच्या पत्र्याला लागलं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि नारळाचं पाणी उडून कुठं आत जातंय की काय या काळजीनं तो इंजिनियर दिवसभर अर्धा होऊन वावरला.

यल्लाप्पाला हे सगळं काल घडल्यासारखं आठवायचं, कारण त्या मशीनवरचं पहिलं बटण त्यानं दाबलं होतं. तोवर तो साध्या लेथवर होता, इतर चौघांसारखाच. पण मशीन चालवायचं शिक्षण बंगळूरला होतं आणि आण्णांनी सगळ्यांना उभं करून विचारलं होतं, "कानडी कुणाला येतंय रं?" हात एकच वर झाला. यल्लाप्पाचं गाव निपाणीच्या अलीकडं, हद्दीवरचं. आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणणारं घर. झाली निवड. प्रत्यक्षात बंगळूरला शिकवणारा माणूस निघाला केरळचा, तो बोलायचा इंग्रजी, आणि यल्लाप्पाची कानडी कामाला आली ती फक्त खानावळीत जादा सांबार मागायला. तरी तो शिकला. हिरव्या अक्षरांकडं बघत बघत शिकला. पहिला बुश, म्हणजे आरपार भोकाचा धातूचा तुकडा, स्वतःच्या हातानं न फिरवता आपोआप तयार होऊन बाहेर पडला, तेव्हा आण्णांनी तो गरम असतानाच उचलला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात टाकला आणि लहान पोरासारखे हसले.

आण्णांचं खरं नाव बाळासो. वडणग्याचं शेतकऱ्याचं घर. उसाच्या रानातून उठून फौंड्रीत गेले आणि फौंड्रीतून स्वतःच्या शेडमध्ये आले. मशीन आल्यापासून त्यांनी एक रीत पाडली. सकाळी पहिली पाळी लागायच्या आधी ते स्वतः यायचे, मशीनपुढं खाली पितळी स्टँडवर उदबत्ती लावायचे, हात जोडायचे आणि मगच मेन स्विच पडायचा. उदबत्ती केवड्याची. त्या वासावरून गल्लीतल्या लोकांना कळायचं, आण्णांचं मशीन आता सुरू होणार.

बघता बघता दोन हजार पाच साल उजाडलं. गल्लीत आता घरोघरी सीएनसी झाली होती, रंगीत स्क्रीनची, एकेक आण्णांच्या मशीनपेक्षा दुप्पट चपळ. हलगी बिलगी कुणी वाजवत नव्हतं. क्रेन यायची, मशीन उतरायचं, संपलं. आण्णांची बायको वारली होती. त्यांचा मुलगा संग्राम इंजिनियर होऊन शेडचा कारभार बघत होता. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. आणि यल्लाप्पा पन्नाशीच्या पुढं गेला होता.

आणि यल्लाप्पाला दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. आधी काचेवरची हिरवी अक्षरं जरा पिवळट वाटायला लागली. मग शेवाळासारखी झाली. मग तीन कुठला आणि आठ कुठला हे बघायला नाक काचेला टेकवावं लागायला लागलं. त्यानं रोज पंजीच्या फडक्यानं काच पुसली. खिडकीला गोणपाट बांधलं आणि कुणी विचारलं तर "ऊन लागतंय" म्हणून सांगितलं. सगळे प्रोग्राम पाठ केले. कन्सोलच्या मागं उजेड कमीजास्त करायचा एक खुंटीएवढा नॉब असतो, तोही कुणी बघत नसताना थोडा थोडा वर फिरवला. फिरवला की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

एकदा संग्रामनं जाता जाता विचारलं होतं, "मामा, स्क्रीन डिम झालाय काय ओ?"

"न्हाय न्हाय, झकास हाय की," यल्लाप्पा म्हणाला.

स्क्रीनमध्येच काही बिघाड असेल असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण मशीनवर दुसऱ्या पाळीला आकाराम असायचा. मलकापूरकडचा गडी, यल्लाप्पाच्याच वयाचा, आणि यल्लाप्पा जे काही करेल ते आपण अर्धं बोट जास्त करून दाखवायचं या जिद्दीनं जगणारा. पाळी बदलताना यल्लाप्पानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्क्रीनवरचं बरं दिसतंय न्हवं?" आकाराम छाती काढून म्हणाला, "आरशागत! का, तुला दिसंना झालंय?" त्यावर कोण काय बोलणार? आकारामला दिसतंय म्हणजे स्क्रीन ठणठणीत, म्हणजे खोट आपल्याच डोळ्यांत. यल्लाप्पानं तो विषय गिळून टाकला.

भीती नुसती नोकरीची नव्हती. यल्लाप्पाचा बाप गुळव्या होता. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळताना त्याच्या रंगाकडं आणि बुडबुड्यांकडं बघून आता उतरवा म्हणून सांगणारा माणूस. त्याच्या शब्दावर गूळ सोन्यासारखा व्हायचा नाहीतर वाया जायचा. आजूबाजूच्या गावांतून त्याला न्यायला गाड्या यायच्या. पन्नाशीनंतर अप्पाची नजर गेली. एक-दोन हंगाम त्यानं लपवलं, मग दोन काहिल्या करपल्या आणि लोकांनी त्याला चुलवाणात चिपाडं सारायला बसवलं. पुढं तिथंही नको म्हणाले. यल्लाप्पा तेव्हा शाळेत होता. काहिलीपासून लांब, वाटेच्या कडेला बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला "आज रंग कसा आलाय?" म्हणून विचारणारा बाप त्यानं बघितला होता. डोळे गेल्याचं दुःख अप्पाला होतंच, पण काहिलीजवळून उठवलं ते जास्त लागलं होतं. आता आपली पाळी आली असं यल्लाप्पा धरून चालला होता. मीनाबाईला, आपल्या बायकोला, तो एवढंच म्हणाला होता की डोकं दुखतंय. ती डोक्याला तेल लावायची.

मग व्हायचं ते झालं. कापणारं हत्यार झिजत जातं तसतसा झिजेचा आकडा मशीनला सांगावा लागतो, म्हणजे ते तेवढं पुढं सरकून कापतं. एका दुपारी यल्लाप्पाला काचेवर तीन दिसला. तो आठ होता. अजून पाच भरायचे राहिलेत असं समजून त्यानं ते वर आणखी भरले आणि टोपलीभर बुशांची भोकं वाजवीपेक्षा मोठी झाली. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. टोपली तशीच भंगारात गेली.

संग्राम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं संध्याकाळी पाळी बदलताना दोघांनाही समोर घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "येत्या सोमवारी सुट्टीला सगळ्या ऑपरेटरांचे डोळे तपासून घ्यायचे. दवाखान्यात मी बोललोय. ज्याला नीट दिसत नाही त्याला स्टोअरमध्ये बसवू. तिथं माल मोजायला माणूस लागतोच आहे. कुणी वाईट वाटून घेऊ नका, वयाचं असतंय हे."

स्टोअर म्हणजे शेडच्या मागची पत्र्याची खोली. तिथून मशीनचा आवाज ऐकू येतो, मशीन दिसत नाही. यल्लाप्पा घरी गेला आणि जेवला नाही.

पण माणूस कितीही खचला तरी डोकं चालायचं थांबत नाही. त्याला आठवलं, महाद्वार रोडच्या चष्म्याच्या दुकानात भिंतीला अक्षरांचा तक्ता असतो. वरचं अक्षर मोठं, खाली खाली बारीक होत जाणारी. दवाखान्यातही तसलाच असणार. एवढे प्रोग्राम ज्यानं पाठ केले त्याला चार ओळी पाठ करायला काय जड? दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यानं सायकल थेट महाद्वार रोडला घातली.

दुकानात शिरला आणि जागच्या जागी थबकला. तक्त्यासमोर आकाराम उभा होता. ओठ हलवत, बोटांची पेरं मोजत, लहान पोरानं पाढे म्हणावेत तसा पुटपुटत. त्या दिवशी दुसऱ्या पाळीला त्यानं रजा टाकली होती आणि सासू आजारी म्हणून मलकापूरला गेल्याचं शेडमध्ये सांगितलं होतं.

"सासूबाई हितंच असत्यात व्हय?" यल्लाप्पानं विचारलं.

आकारामनं दचकून वळून बघितलं. चोरी सापडल्यावर माणूस एकतर भांडतो नाहीतर बसकण मारतो. आकाराम आधी भांडला. "तू का आलायस? तूबी पाठ करायलाच आलायस न्हवं?" आणि मग तिथल्या स्टुलावर बसला. म्हणाला, "मला काय दिसत न्हाय रं त्या काचेवरचं. वरीस झालं."

"आरशागत दिसतंय म्हणालतास की!"

"मग काय म्हणू? तुला दिसतंय म्हटल्यावर मीच आंधळा ठरतोय!"

"मलाबी दिसत न्हाय, खुळ्या," यल्लाप्पा म्हणाला.

दुकानदार मगापासून काउंटरवर कोपर टेकून हे ऐकत होता. त्यानं विचारलं, "पावणं, चष्मा बघायचाय का तक्ता?" आणि मग, गिऱ्हाईक नाहीच तर निदान करमणूक तरी, म्हणून म्हणाला, "तिथनंच वाचा बघू. दारातनं."

यल्लाप्पानं दारात उभं राहून वाचायला सुरुवात केली. वरची ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी, चौथी. अगदी तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा त्यानं न अडखळता वाचली. मग आकारामनं वाचली, तीही जरा जास्त मोठ्यानं. दुकानदारानं जवळचं वाचायचं पुस्तक पुढं केलं. ते मात्र दोघांनाही जरा लांब धरावं लागलं. "हे वयाचं," दुकानदार म्हणाला, "याला साधा चष्मा. डोळं दोघांचंबी ठणठणीत हायत. काय झालंय तुम्हास्नी?"

काय झालंय हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं. यल्लाप्पाला तर इतकं हलकं वाटलं की तो तिथंच पायरीवर बसला आणि खो खो हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आकाराम म्हणाला, "रडतोयस का हसतोयस?" तर त्याला सांगता येईना. एका खोटेपणानं दुसऱ्या खोटेपणाला टेकू दिला होता आणि दोघं वर्षभर त्या टेकूखाली कुढत बसले होते. आकारामनं दोघांचा चहा सांगितला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी दोघं मिळून संग्रामसमोर गेले. "मालक, डोळं आमचं चांगलं हायत. स्क्रीनच मेलाय." संग्राम म्हणाला, "मग मी विचारलं तेव्हा काय झालं होतं?" त्यावर दोघंही छताकडं बघायला लागले. संग्रामनं हसू दाबलं आणि फोन उचलला.

मशीनच्या इलेक्ट्रॉनिक दुखण्यांसाठी शिरोलीत सगळे दीक्षा मॅडमना बोलवायचे. कुरुंदवाडच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतली मुलगी, वडील शाळेत शिक्षक. डिप्लोमा करून चार वर्षं पुण्यात काम केलं आणि मग आपला स्वतःचा व्यवसाय काढून परत आलेली. स्कूटरच्या डिकीत मीटर, सोल्डरगन आणि जेवणाचा डबा. मशीनशी बोलायच्या तशाच माणसांशी बोलायच्या, कमी आणि नेमकं.

त्यांनी आधी कन्सोलमागचा तो नॉब बघितला आणि विचारलं, "हा शेवटापर्यंत कुणी फिरवलाय?"

"मी थोडाच," यल्लाप्पा म्हणाला.

"मीबी थोडाच," आकाराम म्हणाला.

"थोडा थोडा करून दोघांनी टोकाला नेलाय," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यापुढं जायला आता जागाच नाही." मग मीटर लावून वीजपुरवठा तपासला, तो बरोबर होता. पिक्चर ट्यूब म्हातारी झाली असेल असं त्यांना वाटलं, आणि तशी ट्यूब आता कुठं मिळत नाही हेही त्यांनी सांगून टाकलं. संग्राम लगेच म्हणाला, "मग मशीनच बदलू." यल्लाप्पाला वाटलं, डोळे वाचले ते हे ऐकायला का? पण मॅडम म्हणाल्या, "थांबा हो जरा. उघडून तर बघू."

त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, आतला करंट उतरेपर्यंत थांबायला लावलं आणि पुढची चौकट काढली. त्या मशीनला पिक्चर ट्यूबच्या पुढं आणखी एक काच होती, राखणीची. यल्लाप्पा आणि आकाराम रोज पुसायचे ती या काचेची बाहेरची बाजू. मॅडमनी काच उजेडाला धरली. आतल्या बाजूनं ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. ट्यूबचा चेहरा तर त्याहून काळा. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकदाच फिरवला. बोळा काळा-पिवळा होऊन आला आणि ट्यूबवर एक लखलखीत पट्टा उमटला.

"तेल आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसतं तेल नाही." त्यांनी बोळा नाकाशी नेला. मग यल्लाप्पापुढं धरला. "कसला वास येतोय बघा."

स्पिरिटच्या वासाखालून केवड्याचा वास येत होता.

मॅडमनी कन्सोलच्या बाजूची पंख्याची जाळी दाखवली. आतली उष्णता जावी म्हणून एक छोटा पंखा बाहेरची हवा ओढून घेतो, त्याच्या तोंडावरची ती जाळी. तिच्या मागचा गाळणीचा स्पंज कधीच कुजून गळून पडला होता. आणि जाळीच्या एका भोकात उदबत्तीची जळकी काडी उभी होती. आजूबाजूची भोकं राखेनं लिंपली होती. "पंखा धूर ओढतो आणि ट्यूब तो स्वतःकडं खेचून घेते. टीव्हीच्या काचेवर धूळ कशी बसते, तसं. तुमच्या इथल्याएवढी भक्ती मी कुठल्या मशीनमध्ये पाहिली नव्हती," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

सगळं पुसून, चौकट बसवून, नवा स्पंज लावून मॅडमनी मशीन चालू करायला सांगितलं. यल्लाप्पानं बटण दाबलं. नॉब टोकाला होता, त्यामुळं अक्षरं अशी भडकली की दोघांनी डोळ्यांवर हात घेतले. मॅडमनी तो खाली आणला. आणि मग काळ्याभोर काचेवर, कोवळ्या उसाच्या पाल्यासारखी हिरवी, एकेक रेघ सुटी दिसणारी अक्षरं उभी राहिली. तीन हा तीन होता. आठ हा आठ होता. यल्लाप्पाला बंगळूर आठवलं, खानावळीतलं सांबार आठवलं, दारात काढलेल्या चपलांची रांग आठवली, आण्णांच्या हातातला तो गरम बुश आठवला. आपलं तारुण्य कुणीतरी बोळ्यानं पुसून पुन्हा पुढ्यात ठेवलंय असं त्याला वाटलं. त्यानं उगाच खाकरून घेतलं. आकारामनंही खाकरलं, जरा जास्तच.

"आता आण्णांना सांगायचं कुणी?" संग्राम म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आई गेल्यापासून त्यांना या एका उदबत्तीचाच काय तो नेम राहिलाय. मी बोललो तर वाटेल पोरगा देवाधर्मावर उठला. मामा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

दुसऱ्या सकाळी यल्लाप्पा लवकर आला आणि मुद्दाम मशीनच्या बाजूला, आण्णांच्या तोंडासमोर येईल असा उभा राहिला. रोज तो हत्यारं लावण्यात पाठमोरा असायचा. आण्णा आले. पांढरा लेंगा, टोपी, हातात पुडा. त्यांनी काडी ओढली आणि उदबत्ती धरली, पण ज्योत उदबत्तीच्या टोकाला लागायला बराच वेळ गेला. मग डावा हात कन्सोलवर टेकवला. पत्र्यावरून बोटं हळूहळू सरकली, कडेला गेली, जाळीची भोकं लागली तशी थांबली. त्याच बोटांच्या आधारानं उजव्या हातानं त्यांनी उदबत्ती भोकात खोचली.

"आण्णा," यल्लाप्पा म्हणाला, "आजपास्नं उदबत्ती खाली स्टँडवर लावूया. पयल्यांदा लावत हुतासा तशी."

"का रं?"

"धूर पंख्यातनं आत जातोय. त्यानंच स्क्रीन काळवंडला हुता. काल मॅडमनी साफ केला."

आण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले. "माझ्या उदबत्तीनं?"

"व्हय."

"आन् तुम्ही दोघं अंधारात काम करत बसलायसा वरीसभर? तोंड न्हवतं व्हय रं गाढवांनो?" आण्णा चिडले, पण ते चिडणं मायेचं होतं. त्यांनी चाचपून उदबत्ती काढून घेतली. "मशीनची मापी मागतो मी. आता तरी दिसतंय न्हवं?"

"झक्क! अगदी पयल्या दिवसागत. बघा की तुम्हीच." यल्लाप्पा बोलायचं म्हणून बोलून गेला.

आण्णा स्क्रीनकडं वळले. मान जरा तिरकी करून, डोळे बारीक करून त्यांनी निरखून बघितलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "व्हय की रं! काय हिरवंगार दिसाय लागलंय! अगदी पयल्या दिवसागत!"

मेन स्विच अजून पडायचा होता. स्क्रीन काळा ठिक्कर होता.

स्टँड सोडून जाळी का, हे आता यल्लाप्पाला कुणी सांगायची गरज नव्हती. खाली वाकून पितळी स्टँडचं बारीक भोक शोधण्यापेक्षा जाळी हाताला लागते. आणि हे रोज त्याच्या पाठीमागं चाललं होतं. आपली नजर गेली म्हणून जो माणूस वर्षभर भेदरून जगला, त्याला हातभर अंतरावरची ही नजर गेलेली कळली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आण्णांची इतकी दया आली की काही न बोलता स्विच टाकून मोकळं व्हावं असं वाटलं. पण लपवलेलं माणसाला आतून कसं खातं ते त्याला ठाऊक होतं.

"आण्णा," तो हळूच म्हणाला, "मशीन अजून चालू केल्यालं न्हाय."

आण्णा हलले नाहीत. हातातल्या उदबत्तीची राख त्यांच्या लेंग्यावर पडली.

"डाव्यातनं काहीच न्हाय," ते म्हणाले. "उजव्यातनं माणूस आला-गेला एवढं कळतंय. वाट पायाखालची हाय, म्हणून भागतंय." मग त्यांनी यल्लाप्पाचा दंड धरला. "संग्रामला बोलू नगंस. घरात बसवंल मला. घरात काय हाय रं? तिची खोली हाय, ती गेल्यापास्नं बंदच. हितं निदान मशीनचा आवाज हाय."

मशीनजवळून उठवू नका, हेच यल्लाप्पा इतके दिवस मनातल्या मनात संग्रामला सांगत आला होता.

"सोमवारी आकाराम आन् मी दवाखान्यात जातोयच," तो म्हणाला. "तुम्ही चला आमच्यासंगं. मोतीबिंदू असला तर काढत्यात, दुसऱ्या दिवशी माणूस घरला येतंय. संग्रामला मी सांगतो. मी सांगितल्यावर न्हाय ओरडायचा."

"आन् मोतीबिंदू नसला तर? तुझ्या अप्पाचं झालं तसं असलं तर?"

यल्लाप्पाची खोटं बोलायची हौस आता फिटली होती. तो आत जाऊन एक स्टूल घेऊन आला, मशीनच्या पुढ्यात, कन्सोलला अगदी लागून ठेवला आणि आण्णांना खांद्याला धरून त्यावर बसवलं.

"तर हितं बसायचं," तो म्हणाला. "रोज. काय उमटतंय ते मी वाचून दावीन."

त्यानं मेन स्विच टाकला. पंखा घुमायला लागला. काचेवर एकेक करून अक्षरं उमटली आणि यल्लाप्पा वाचायला लागला, आधी हळू. एक्स शून्य. झेड शून्य. हत्यार पहिलं. झीज, शून्य दशांश शून्य तीन.

"तीन का आठ?" आण्णांनी विचारलं. टोपलीभर बुशांची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती.

"तीन, आण्णा. तीनच हाय."

"मग मोठ्यानं वाच की रं! पंख्याच्या आवाजात ऐकू येत न्हाय मला."

यल्लाप्पा मोठ्यानं वाचायला लागला.